बर्फीचे तांबूस पंजे : कोथरूडच्या एका वेस्टीची पूर्ण केस

जुलै २०२३. बाहेर धो धो पाऊस, आणि काकू रिक्षातून उतरल्या त्या बर्फीला जुन्या टॉवेलात गुंडाळून. टेबलावर ठेवलं तेव्हा पहिलं वाक्य असं होतं, "अगं, हिचे पाय बघ ना, कितीही धुतले तरी पांढरे होत नाहीत, तुझ्याकडे तो व्हाइटनिंगवाला शाम्पू असेल तर तो लाव." मी कर्वेनगरला बारा वर्षं ग्रूमिंग करते आणि हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की हात आधी शाम्पूकडे न जाता पंजाकडे जातो. ही केस मी सविस्तर लिहितेय कारण वेस्टी घरी असलेल्या लोकांना यातली एक गोष्ट वेळेवर कळली तर त्यांच्या कुत्र्याची दोन वर्षं वाचतील, बर्फीची गेली.

वेस्टी म्हणजे वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, उंची साधारण २५ ते २८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या पाटावर उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या गुडघ्यालाही लागत नाही, वजन सात ते नऊ किलो, अंग मात्र भरीव, छाती खोल, पाय आखूड आणि दणकट. कान छोटे, ताठ, टोकदार. नाक काळंभोर, डोळे गडद, ओठ आणि पायाच्या गाद्याही काळ्या असाव्यात असं मानतात. शेपूट १३ ते १५ सेंटिमीटर, गाजरासारखी, बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती, ती कापत नाहीत, कारण बिळात शिरलेल्या कुत्र्याला पूर्वी तिलाच धरून बाहेर ओढायचे. अंगावर केसांचे दोन थर, आतला मऊ दाट आणि वरचा खरखरीत, पाच सेंटिमीटरच्या आसपास लांब. हा वरचा थर चांगला असला की चिखल वाळल्यावर आपोआप झडतो. डोक्यावरचे केस गोल राखतात, बरोबर शेवंतीच्या फुलासारखे, आणि आम्ही ग्रूमर त्याला शेवंती कटच म्हणतो.

हा पांढरा रंग निवडून आणलेला आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्गाइल भागात पोल्टॅलॉक नावाची इस्टेट आहे, तिथल्या कर्नल माल्कम यांचं नाव या जातीशी जोडलं जातं. शिकारीत त्यांचा तांबूस टेरियर कोल्हा समजून गोळीला बळी पडला आणि मग त्यांनी फक्त पांढरी पिल्लंच पाळायचं ठरवलं अशी गोष्ट सांगतात. १९०७ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने या नावाने जात मान्य केली. कोल्ह्यापासून वेगळा दिसावा म्हणून पांढरा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, कारण पांढऱ्या अंगावर काहीही लपत नाही. फक्त ते वाचता आलं पाहिजे.

तर बर्फीचे पंजे. चारही पंजे तांबूस तपकिरी, विडा खाऊन ओठ रंगावेत तसा काताचा रंग, आणि बोटांच्या बेचक्यात तर जवळजवळ गंजासारखा. हा मळ नाही. कुत्र्याच्या लाळेत आणि अश्रूंत पॉर्फिरिन नावाचे घटक असतात, ते पांढऱ्या केसांवर सतत लागत राहिले की केस असे रंगतात. म्हणजे तांबूस पंजा पाहिला की समजायचं, हे कुत्रं रात्रंदिवस पंजे चाटतंय, आणि कुत्रं उगीच पंजे चाटत नाही, बहुतेक वेळा खाज असते म्हणून चाटतं. काळ्या लॅब्राडोरने वर्षभर पंजे चाटले तरी कुणाला कळत नाही, वेस्टीचं चार दिवसांत दिसतं. आणि तरी आपण ते धुऊन टाकतो. मी स्वतः पहिली चार-पाच वर्षं धुतलंय, गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून निळसर शाम्पू लावून पंजे पांढरे करून दिलेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मी तिला पाठीवर उलटी केली. (हे सगळ्या पालकांनी महिन्यातून एकदा करावं, कुत्र्याचं पोट बघावं.) पोटावर, काखेत आणि जांघेत केस जवळजवळ नव्हतेच, कातडी जाड, करडी-काळी, घड्या घड्या पडलेली, हत्तीची असते तशी. मानेखाली तेलकट पापुद्रे. ओठांच्या कडेला लाली. आणि वास, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही, खवट शेंगदाण्यांचा वास. कानात डोकावलं तर आत तपकिरी मळ आणि तोच वास. मात्र कानाच्या कडा स्वच्छ होत्या आणि कमरेवरची पाठही बऱ्यापैकी ठीक होती, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं, पुढे त्याचा उपयोग झाला. काट्यावर ठेवली तर ११.२ किलो, पोट सुटलेलं, आणि पाण्याचं भांडं पुढे केलं तर एका दमात संपवलं.

मी म्हटलं, "काकू, आज आंघोळ नको घालूया. हिला आधी कातडीच्या डॉक्टरांना दाखवू, मी येते तुमच्याबरोबर." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि ते सगळं नीट ऐकणं हाच या केसचा अर्धा भाग आहे.

बर्फी मुलाची. लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या शेवटी, तो घरून काम करत होता तेव्हा त्याने हे पिल्लू आणलं, पुढे नोकरीनिमित्त तो बंगळुरूला गेला आणि बर्फी आई-बाबा आणि आजीकडे राहिली. पहिलं वर्ष छान गेलं. २०२१ चा पाऊस संपता संपता, गणपती-नवरात्राच्या सुमाराला, पंजे चाटायला सुरुवात. तेव्हा ती दहा-अकरा महिन्यांची. थंडीत कमी झालं म्हणून सगळे निर्धास्त झाले. २०२२ च्या पावसात परत, आणि या वेळी पोटही. मग सुरू झालं ते जे आपल्याकडे दहातल्या नऊ घरांत होतं, आधी खोबरेल तेल, मग हळद आणि तेल, मग कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, मग सोसायटीतल्या कुणीतरी सांगितलेली माणसांची खाजेची ट्यूब, ज्यात स्टेरॉइड, अँटीफंगल आणि अँटिबायोटिक तिन्ही एकत्र असतात. हळदीने पांढरं कुत्रं पिवळं झालं, ते वेगळं. तेलाने तर नुकसानच झालं, कारण कातडीवरच्या ज्या यीस्टचा, म्हणजे एक प्रकारच्या बुरशीचा, त्रास होता त्याला तेलकटपणाच हवा असतो. एका ठिकाणी दर दोन महिन्यांनी एक लाँग ॲक्टिंग इंजेक्शन द्यायचे, ते दिलं की तीन-चार आठवडे कुत्रं एकदम शांत, आणि मग परत तेच. ते स्टेरॉइड होतं हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. सुटलेलं पोट, सतत तहान, घरात लघवी, सारखी भूक, हे त्याचंच. मे महिन्यात उकडतं म्हणून तिचे केस मशीनने झिरो करून घेतले होते, त्यावरही कडक ऊन लागलं.

आणि सोसायटीत काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिफ्टमध्ये एका बाईंनी आपल्या मुलाला मागे ओढलं, म्हणाल्या, "लूत लागलीय तिला, हात लावू नकोस." काकू त्या दिवसापासून बर्फीला जिन्याने नेत होत्या, चौथ्या मजल्यावरून, गुडघे दुखत असताना.

डॉक्टरांकडे आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. लूत आहे का हे त्यांनी सगळ्यात आधी बघितलं, आणि ते योग्यच होतं, कारण खाजणारं कुत्रं म्हटलं की आधी गोचीड, पिसू आणि लूत हे बाजूला काढावं लागतं. बारीक फणीने केस विंचरून पांढऱ्या ओल्या कागदावर झटकले, पिसवांची काळी घाण असेल तर ती ओल्या कागदावर लाल पसरते, तसं काही दिसलं नाही. मग ब्लेडने दोन-तीन जागी रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत कातडी खरवडली, कारण डेमोडेक्स नावाचा किडा केसांच्या मुळात राहतो, वरवर खरवडून सापडत नाही. तोही नव्हता. खरजेचा किडा मात्र खरवडूनही कित्येकदा हाती लागत नाही, त्यात कानाच्या कडा आधी खराब होतात आणि कानाची कड चोळली की कुत्रं मागचा पाय हलवायला लागतं. बर्फीच्या कडा स्वच्छ होत्या, पायही हलला नाही. तरी डॉक्टरांनी गोचीड-पिसू आणि किडे मारणाऱ्या गोळीचा कोर्स दिलाच, म्हणाले, शंका ठेवायची नाही. पुण्यात गोचीड तापाच्या केस वर्षभर येत असतात, त्यामुळे ती गोळी तशीही चालूच असावी असं माझंही मत आहे.

मग त्यांनी साधी पारदर्शक चिकटपट्टी घेतली, काखेतल्या कातडीवर दाबली, उचलली, रंगात बुडवली, काचेवर चिकटवली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. आम्हा दोघींना बोलावून दाखवलं. निळ्या-जांभळ्या छोट्या छोट्या भुईमुगाच्या शेंगा, पसरून ठेवाव्यात तशा, काचभर. हेच ते मॅलासेझिया नावाचं यीस्ट. हे निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडं असतंच, पण कातडी आधीच सुजलेली, तेलकट आणि ओलसर असली की बेसुमार वाढतं, आणि वेस्टी या जातीला ते फारच भोवतं. पूर्वी अशा काळ्या जाड झालेल्या वेस्टींना, आर्माडिलो या जाड कवचाच्या प्राण्यावरून, आर्माडिलो वेस्टी म्हणायचे आणि हा कातडीचाच जन्मजात दोष आहे असं समजायचे, नंतर लक्षात आलं की यात यीस्ट आणि त्याची ॲलर्जी यांचा हात मोठा आहे आणि उपचारांनी खूप फरक पडू शकतो. काकूंनी एवढंच विचारलं, "म्हणजे माणसाला लागत नाही ना?" डॉक्टर म्हणाले, "लूत नाही, काकू. लिफ्टने या."

पण यीस्ट हे मूळ नव्हतं, ते मुळावर आलेलं पीक होतं. मूळ कारण शोधायला पुढचे चार-पाच महिने गेले, आणि इथेच बहुतेक घरांचा धीर सुटतो.

डॉक्टरांचा क्रम असा होता की आधी इन्फेक्शन संपवायचं, इंजेक्शनचा असर उतरू द्यायचा, मग उरलेली खाज मोजायची, मग खाण्याची तपासणी, आणि सगळ्यात शेवटी वातावरणाची ॲलर्जी. ट्यूब बंद, तेल बंद, इंजेक्शन बंद. खाज मोजायची म्हणजे शून्य ते दहा आकडा, शून्य म्हणजे अजिबात खाजवत नाही आणि दहा म्हणजे झोपही लागत नाही. काकूंनी हा आकडा रोज रात्री कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायला सुरुवात केली, एकादशी आणि दूधवाल्याच्या खाड्यांच्या मधे. जुलैतल्या शेवटच्या आठवड्यात सगळे चौकोन आठ, आठ, नऊ, आठ.

माझं काम आंघोळीचं. क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला औषधी शाम्पू, आठवड्यातून दोनदा, आणि तो अंगावर पूर्ण दहा मिनिटं राहिला पाहिजे, नाहीतर तो लावून उपयोग नाही, दोन मिनिटांत धुतला तर पैसे गटारात. पाणी गारसर, गरम पाण्याने खाज वाढते. एक आंघोळ माझ्याकडे, एक घरी. घरी काका बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून हातात घड्याळ घेऊन बसायचे आणि मिनिटं मोठ्याने मोजायचे, आठ झाली, नऊ झाली. केसांचं मला जड गेलं. वेस्टीचे केस मशीनने कापायला मी सहसा नाही म्हणते, हाताने मेलेले केस उपटून काढायची जी पद्धत आहे, हँड स्ट्रिपिंग, त्याने वरचा थर खरखरीत राहतो, मशीनने तो मऊ लोकरीसारखा होतो आणि ओल धरतो. पण आजारी कातडीवरून केस उपटणं म्हणजे तिला इजा करणं, आणि लांब केसांतून शाम्पू कातडीपर्यंत पोचत नाही, म्हणून मी स्वतःच्या हाताने तिला आखूड कापलं. दिसायला ती वेस्टीसारखी राहिलीच नाही, शेवंती गेली, पण औषध जागेवर पोचलं. कानात डॉक्टरांचे थेंब, तोंडावाटे अँटीफंगल गोळ्या.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वास गेला. काकूंचा फोन आला, नुसतं एवढं सांगायला की आज ती पलंगावर येऊन झोपली आणि चादरीला वास आला नाही. टेपवर शेंगा तुरळक. आकडा पाच.

पाच म्हणजे अजून खाज आहेच. मग खाण्याची परीक्षा. आपल्याकडे समज असा की ॲलर्जी म्हणजे चिकन बंद करा, आणि लोक एका आठवड्यात निकाल लावतात. नीट करायचं तर आठ आठवडे, आणि त्या आठ आठवड्यांत एकच खाणं, दुसरा कण नाही. डॉक्टरांनी हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं खाणं दिलं, त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर सहसा ते ओळखत नाही. महाग असतं, आणि बर्फीला पहिले तीन दिवस आवडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात काका सकाळी पेपर आणायला खाली गेले आणि वर आले तर आजी खुर्चीत, हातात चहाची बशी, आणि बर्फी खुर्चीच्या बाजूला उभी, दोघी मिळून ग्लुकोज बिस्कीट खात होत्या, अर्धं आजीचं, अर्धं तिचं, चहात बुडवून. आजींचं वय ८७. त्या काकूंना म्हणाल्या, "तिला नुसते दाणे घालता, बघवत नाही गं मला." कुणी रागावलं नाही. काकांनी शांतपणे घड्याळ परत शून्यावर आणलं, म्हणजे १० सप्टेंबरपासून पुन्हा पहिला दिवस, आणि आजींसाठी एक डबी भरून ठेवली, त्यात बर्फीच्याच खाण्याचे दाणे, चहाबरोबर द्यायचे तर हेच. त्या डबीमुळे परीक्षा पार पडली असं मी मानते. १९ तारखेला गणपती बसले, घरात मोदक, पुरणपोळी, येणारे-जाणारे, आणि दारावर काकांनी कागद लावला, "बर्फीला काहीही देऊ नये, औषध चालू आहे."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आठ आठवडे पूर्ण. आकडा चार-पाच. मग उलट परीक्षा, जुनं चिकनचं खाणं दोन आठवडे परत सुरू, दिवाळीचा फराळ मात्र बंदच. खाण्याची ॲलर्जी असती तर या दिवसांत खाज भडकायला हवी होती. ती भडकली नाही. म्हणजे खाणं निर्दोष, आणि काकू म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर उगीच चिकनला नावं ठेवली."

आता उरलं ते ॲटोपिक डर्मटायटिस, वातावरणातल्या गोष्टींची ॲलर्जी, जिचा कल पिढीतून येतो. याची एकच अशी रक्ततपासणी नाही की हो की नाही कळेल, हे निदान बाकीचं सगळं वगळून आणि लक्षणं जुळवून करतात. फाव्रो या संशोधकाच्या नावाने ओळखली जाणारी २०१० ची आठ लक्षणं आहेत, त्यातली पाच जुळली तर शक्यता बरीच वाढते. सुरुवात तीन वर्षांच्या आत, कुत्रं मुख्यतः घरात राहणारं, स्टेरॉइडने खाज थांबते, यीस्ट वारंवार, पुढचे पंजे बाधित, कानाची पाळी बाधित, पण कानाच्या कडा मात्र नाहीत, आणि कमरेवरची पाठ नाही. बर्फीच्या बाबतीत आठही. त्या पहिल्या दिवशी मी कानाच्या कडा आणि पाठ लक्षात ठेवली होती ती इथे कामी आली, कारण आंघोळी आणि औषधांनंतर पहिलं चित्र पुसलं जातं आणि डॉक्टरांना ते कुणीतरी सांगावं लागतं.

कशाची ॲलर्जी? घरातल्या गादीतल्या धुळीतले किडे हे कुत्र्यांमध्ये फार वेळा सापडणारं कारण, आणि पुण्याच्या पावसात घर चार महिने दमट असतं. काकांना मात्र काँग्रेस गवताचा संशय होता. हे गवत, गाजर गवत, १९५५ च्या सुमाराला पुण्यातच पहिल्यांदा नजरेत भरलं आणि मग देशभर पसरलं, माणसांना त्याने कातडीचे भयंकर त्रास होतात हे आपल्याला माहीतच आहे. बर्फी रोज वेताळ टेकडीच्या पायथ्याशी फिरायला जायची आणि तिथल्या मोकळ्या जागेत पावसाळ्यात ते कमरेइतकं वाढतं. वेस्टीचे पाय आखूड, पोट जमिनीपासून वीतभरही उंच नाही, त्यामुळे ती गवतातून गेली की पोट, काखा, पंजे सगळं घासून ओलं होतं, आणि नेमक्या त्याच जागा खराब. डॉक्टर म्हणाले, सिद्ध करता येणार नाही, पण टाळायला काय हरकत आहे. रस्ता बदलला, टेकडीऐवजी सोसायटीच्या मागचा डांबरी रस्ता. बाहेरून आल्यावर ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसायचं आणि कोरडं करायचं, बेचक्यांसकट. तिची गादी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात, हॉलमधला गालिचा माळ्यावर.

आणि रोजची गोळी, ऑक्लासिटिनिब, खाजेचा जो निरोप कातडीकडून मेंदूकडे जातो तो अडवणारी. पहिले १४ दिवस दोनदा, मग एकदा. एक वर्षाच्या आतल्या पिल्लाला ती देत नाहीत, आणि चालू असताना अधूनमधून रक्त तपासावं लागतं. काकूंना आयुष्यभर गोळी हे ऐकून धक्का बसला. मी त्यांना माझ्या सासूबाईंच्या बीपीच्या गोळीचं उदाहरण दिलं, ते पटलं.

डिसेंबरच्या शेवटी कालनिर्णयवर दोन. वजन ९.१. फेब्रुवारी २०२४ मध्ये ८.६, पोटावर पांढरी लव, कातडी काळीवरून करडी आणि काही ठिकाणी गुलाबी. मार्चमध्ये मी तिला पहिल्यांदा हाताने स्ट्रिप केलं, फक्त पाठीवर, थोडंच, खडूची पूड लावून, आणि ती टेबलावर झोपून गेली.

मधे एक गोष्ट झाली. सोसायटीतल्याच एका ओळखीच्यांनी विचारलं, की आता बरी झालीय तर एक वेत होऊ द्या, वेस्टीच्या पिल्लांना चांगली किंमत येते. मुलाने ज्यांच्याकडून बर्फी आणली त्यांना फोन करून विचारलं तेव्हा कळलं की तिच्या एका भावालाही पंजे चाटायची सवय आहे, आणि तिची आईही "पावसाळ्यात थोडी खाजवते". हे पिढीतून येतं. डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं आणि घरच्यांनी तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. मला या निर्णयाबद्दल त्या घराचा फार आदर वाटतो, कारण लाखभर रुपये समोर असताना नाही म्हणणं सोपं नाही. पिल्लू घेणाऱ्यांनी आई-बापाचे पंजे पाहावेत, पावसाळ्यात पाहावेत, एवढी माझी मागणी आहे. फोटोतले नाही, प्रत्यक्ष.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात, कारण वेस्टीच्या बाबतीत त्याही लागतात. डोळ्यांत कागदाची पट्टी एक मिनिट ठेवून अश्रू मोजले, १५ मिलिमीटरच्या वर हवे, तिचे १८ आले, म्हणजे ड्राय आय, डोळे कोरडे पडणं, नाही, पण हे दरवर्षी बघायचं. गुडघ्याची वाटी जागेवर. जबड्याचं एक दुखणं या जातीच्या पिल्लांना तीन ते आठ महिन्यांच्या वयात होतं, जबड्याचं हाड सुजतं आणि तोंड उघडताना कुत्रं ओरडतं, तिला ते झालं नव्हतं. म्हातारपणी फुप्फुस कडक होऊन धाप लागण्याचा एक आजारही वेस्टीत जास्त दिसतो, तो अजून लांब आहे. दातांवर मात्र किटण होतं, तेरा-चौदा वर्षं सहज जगणारं कुत्रं आहे, दात टिकायला हवेत, म्हणून ऑपरेशनच्याच भुलीत साफ करून घेतले.

जुलै २०२४. पाऊस लागून आठवडा झाला होता. रात्री साडेनऊला काकूंचा फोटो आला, डाव्या पुढच्या पंजाचा, टॉर्च मारून काढलेला. बाकी पंजा पांढराशुभ्र, आणि दोन बोटांच्या बेचक्यात चिमूटभर केस काताच्या रंगाचे. खाली लिहिलं होतं, "आज आकडा तीन. कालपर्यंत दोन होता. धुतलं नाहीये, तसंच ठेवलंय. उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेतेय, टेप लावून बघतील. तू येशील का?"

मी गेले. काकू लिफ्टने खाली आल्या.